सात वीसची हजेरी

सर, हजेरी घेताना तुम्ही मान वर का करत नव्हतात? बारा वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारते आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. ती नुसती सवय होती, चष्म्याचा नंबर वाढला होता, की तुम्हाला वर बघायचंच नव्हतं? विचारायची संधी होती तेव्हा मी विचारलं नाही. आता तुम्ही नाही, त्यामुळे विचारताना भीती वाटत नाही, आणि याचीच मला लाज वाटते.

जळगावचं आपलं सकाळचं कॉलेज. पहिला तास सात वीसला, तुमचा, भूगोलाचा. तुम्ही नकाशाची गुंडाळी काखेत धरून यायचात, ती फळ्याला टेकवून ठेवायचात, खुर्चीत बसून कॅटलॉग उघडायचात आणि पेनाचं टोक आकड्यांवरून खाली सरकवत नंबर पुकारायचात. मुलं ‘हजर’ म्हणायची, मुली ‘येस सर’ म्हणायच्या. पाच मिनिटांत हजेरी संपली पाहिजे आणि नंतर येणाऱ्याला गैरहजर धरलं पाहिजे, असा प्राचार्यांचा लेखी नियम होता. हॉस्टेलच्या आम्ही मुली सात वाजताच वर्गात असायचो. असोद्याकडून बसने येणाऱ्या दहा जणी मात्र कधी सात पस्तीसला, कधी पावणेआठला दारात उभ्या दिसायच्या. बस गावातून वेळेवर सुटायची, पण शहरात शिरण्याआधी रेल्वेचं फाटक लागायचं, आणि नेमक्या त्याच वेळी मालगाड्या जायच्या. फाटक बंद झालं की बस उभी. काही मुली उतरून चालत यायच्या, तरी उशीर व्हायचाच.

या फाटकाचं मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. माझे आबा नरडाण्याला रेल्वेत गेटमन होते. लहानपणी मी त्यांच्या केबिनपाशी बसून बैलगाडीवाल्यांना त्यांच्याशी हुज्जत घालताना पाहिलंय. आबांचं उत्तर एकच असायचं, ‘फाटक बंद शे म्हणजे बंद शे.’ त्यामुळे फाटक बदलणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून पटलेलं होतं. बदलायची तर बसची वेळ बदलायला हवी, नाहीतर हजेरीची. वर्गातली मुलं मला ‘फाटकवाली’ म्हणायची. माझ्या बोलण्यातला ‘शे’ ऐकून मागच्या बाकावर हसू फुटायचं. मी शेवटच्या वर्षाला आले आणि मुलींची प्रतिनिधी म्हणून विद्यार्थी मंडळावर निवडून गेले, तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी असलेला आपल्याच वर्गातला मुलगा मला म्हणाला, ‘ताई, मंडळाची कामं दोनच. ऑर्केस्ट्रा ठरवायचा आणि फिशपाँड वाचायचे. तुम्ही उगाच तिसरं काढू नका.’ मंडळाचे प्रमुख तुम्ही होतात. तुम्ही ते ऐकलंत, हसला नाहीत, आणि मला विचारलंत, ‘तिसरं कोणतं काढणार आहेस?’ मी म्हणाले, बसचं. तुम्ही मान डोलावलीत. एवढंच. पण घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नसलेल्या मुलीला तेवढं पुष्कळ होतं. त्या रात्री मी वहीत लिहिलं होतं की मंडळ म्हणजे ज्यांचा आवाज पोचत नाही त्यांचा आवाज. वाक्य माझं मला फार आवडलं होतं. आवाजाचं मी पुढे काय करणार आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

दिवाळीच्या आधी ऑफिसने कमी हजेरीची कार्डं पालकांना पाठवायला सुरुवात केली. साधी पोस्टकार्डं, त्यावर छापलेला मजकूर आणि मध्ये शाईने भरलेलं नाव. पहिलं कार्ड त्या दहा जणींतल्या एकीच्या घरी गेलं. तिसऱ्या दिवशी तिचे वडील कॉलेजात आले. केळीची बागाईत असलेले, पांढरी टोपी, पायात शेतातल्याच चपला. व्हरांड्यात त्यांनी तुम्हालाच गाठलं आणि मी तुमच्या मागे उभी होते. ते भांडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, ‘सायेब, पोरगी सकायी साडेसहाले घरून निंघते. इथी ती नसते. मंग जाते कुठी?’ तुम्ही त्यांना बाकावर बसवून फाटकाचं, मालगाडीचं, पाच मिनिटांच्या नियमाचं सगळं नीट सांगितलंत. मुलगी रोज वर्गात येते, फक्त उशिरा येते, हे दोनदा सांगितलंत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘तुम्ही म्हनता तं खरंच असंन. पन पोष्टमननं ते कार्ड चावडीवर वाचलं.’

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आली नाही. तिची वही माझ्याकडे राहिली होती, ती परत न्यायलाही कोणी आलं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत तिचं लग्न झाल्याचं मला नंतर कळलं.

उरलेल्या नऊ जणी घाबरल्या. माझ्या बाकावर बसणारी, असोद्याचीच, फार हुशार मुलगी होती. नकाशात नद्या भराव्यात तर तिने. मधल्या सुट्टीत ती माझा हात घट्ट धरून म्हणाली की आमच्याकडे कार्ड आलं तर आमचे वडील विचारायलासुद्धा येणार नाहीत, सरळ बंद करतील. मी तिला म्हणाले, मी आहे. आणि मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक असेल किंवा नसेल, पण आज मी ते स्वतः सांगते. हॉस्टेलच्या चार जणींना मी खोलीवर बोलावलं आणि नऊ नंबर आमच्या पाच जणींत वाटून दिले. कोणी कोणाच्या नंबराला ‘येस सर’ म्हणायचं, ते चिठ्ठीवर लिहिलं. आवाज थोडा बदलायचा, एकापाठोपाठचे नंबर एकीने घ्यायचे नाहीत, हेही मीच शिकवलं. माझ्या वाट्याला माझा नंबर आणि बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर. तिचा पुकारा झाला की मी तोंडावर रुमाल धरून नाकातून ‘येस सर’ म्हणायची. मागची मुलं खोकायची. तुम्ही पेनाचं टोक सरकवत पुढे जायचात.

मला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. उलट मला वाटायचं की हेच खरं मंडळाचं काम. चोवीस तास फाटकापाशी उभं राहून जे जमलं नसतं ते मी रुमालाने केलं होतं. आणि त्याच वेळी, दुसऱ्या बाजूने, मी अर्ज लिहीत होते. तोही मनापासून. मी बस डेपोत दोनदा गेले. तिथल्या साहेबांनी चहा विचारला आणि सांगितलं की कॉलेजचं पत्र आणा, वीस मिनिटं आधीची फेरी मागून बघतो. म्हणून प्राचार्यांच्या नावे मंडळाचा अर्ज तयार केला. बसने येणाऱ्या विद्यार्थिनी फाटकामुळे रोज उशिरा पोचतात, त्यांची पहिल्या तासाची हजेरी बुडते, तरी कॉलेजने डेपोला पत्र द्यावं, किंवा तोवर हजेरी तासाच्या शेवटी घ्यावी. खाली चाळीस सह्या. सेक्रेटरीनेसुद्धा सही केली, ‘फिशपाँडमध्ये मला सोडणार असाल तर’ असं म्हणून. तुम्ही अर्ज वाचून एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलात आणि प्रमुख म्हणून सही केलीत. तुम्ही पेन टेकवण्याआधी माझ्याकडे पाहिलंत. तेव्हा मात्र पाहिलंत. मला वाटलं कौतुकाने.

प्राचार्यांची खोली. डिसेंबरची सकाळ, खिडकीच्या काचेवर धुकं, आणि परीक्षेचे फॉर्म पुण्याला विद्यापीठात पाठवायला चार दिवस उरलेले. खोलीत प्राचार्य आहेत, तुम्ही आहात, सेक्रेटरी आणि मी उभे आहोत. प्राचार्य अर्ज वाचतात आणि शिपायाला सांगतात, भूगोलाचा कॅटलॉग आण. तेवढ्या एका वाक्याने मला आमचा घोळ दिसतो. तोपर्यंत, सर, शपथेवर सांगते, ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. दीड महिना मी एका हाताने त्या मुलींना हजर लावत होते आणि दुसऱ्या हाताने त्या गैरहजर राहतात म्हणून अर्ज लिहीत होते, आणि दोन्ही कामं मला एकच वाटत होती. कॅटलॉग येतो. प्राचार्य पानं उलटतात. नऊ नंबरांपुढे दिवाळीनंतर एकही गैरहजेरी नाही. ते बोट ठेवून एकेक ओळ बघतात, घाई न करता. मग कॅटलॉग तुमच्याकडे वळवून ठेवतात आणि विचारतात, ‘अर्ज खोटा आहे की कॅटलॉग खोटा आहे? दोन्ही खरे असू शकत नाहीत.’

मला बोलायचं होतं. पण काय बोलणार? अर्ज खोटा म्हटलं तर बस गेली आणि मंडळ खोटारडं ठरलं. कॅटलॉग खोटा म्हटलं तर नऊ जणींचे फॉर्म थांबले, नऊ पोस्टकार्डं गावाकडे निघाली, हॉस्टेलच्या चार जणींवर कारवाई, आणि माझा स्वतःचा फॉर्म. मी खरं तेच सांगते, त्या क्षणी मला आधी माझा फॉर्म दिसला. सुट्टीत घरी गेले होते तेव्हा आबा म्हणाले होते, ‘बठ्ठास्ले सांगी टाकं मी, मनी पोर बी.ए. होई ऱ्हायनी.’ क्वार्टरच्या ओळीत नऊ घरं होती आणि नऊही घरांना त्यांनी ते सांगून ठेवलं होतं.

तुम्ही म्हणालात, ‘दोन्ही खरे आहेत. मी हजेरी तास संपताना घेतो.’

प्राचार्यांनी चष्मा काढला. म्हणाले, नियम पाच मिनिटांचा आहे, तुम्हाला माहीत नाही? तुम्ही म्हणालात, माहीत आहे, पण मुली आलेल्या असतात आणि त्यांना न आलेलं लिहायला माझा हात धजत नाही. प्राचार्य सेक्रेटरीकडे वळले. तो तुमच्याच वर्गातला, रोज मागे बसून खोकणारा. त्यांनी त्याला विचारलं, हे खरं आहे का? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे, आणि म्हणाला, ‘हो सर. तास संपतानाच.’ आयुष्यात पहिल्यांदा तो काही विनोद न करता बोलला असेल.

मग प्राचार्य जे म्हणाले ते फार साधं होतं. मुलींना जे हवं ते तुम्ही परस्पर दिलेलंच आहे, मग अर्जाचं कारण उरत नाही. फॉर्म जाऊ दे. पण सोमवारपासून हजेरी नियमाप्रमाणे, आणि नियम मोडल्याचा खुलासा तुम्ही लेखी द्या. अर्जाच्या कोपऱ्यात त्यांनी ‘निकाली’ असं लिहिलं आणि डेपोला जायचं पत्र कधीच टाईप झालं नाही.

बाहेर आल्यावर सेक्रेटरी जवळजवळ पळालाच. तुम्ही सायकल स्टँडपर्यंत चालत आलात आणि मी तुमच्या मागून. मला वाटलं, तुम्ही रागवाल, मग मी रडेन, आणि मग सगळं सांगून टाकेन. पण तुम्ही कुलूप काढताना, मागे न वळता म्हणालात, ‘मुलींची अडचण लपवायची की मांडायची, ते आधी ठरवायचं असतं. दोन्ही केलंस तर काहीच होत नाही.’ मी म्हणाले, सर, मी... आणि तुम्ही म्हणालात, ‘तासाला उशीर होतोय तुला.’ बस. सायकलवर बसून निघून गेलात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं? की त्या खोलीत, त्या एका मिनिटात, तुम्हाला उमगलं? मी या वाक्याचा कितीदा कीस पाडला आहे. कधी वाटतं, तुम्ही मला बोललात. कधी वाटतं, तुम्ही स्वतःलाच बोललात, कारण मान खाली घालून तुम्हीही तेच करत होतात.

जानेवारीत सात वीसचा तास दुसऱ्या प्राध्यापकांना दिला गेला. ते पाच मिनिटांनी दार लावून घ्यायचे. मंडळाचं प्रमुखपद तुमच्याकडून काढलं. उपप्राचार्य तुम्हीच होणार असं सगळे धरून चालले होते, ते फेब्रुवारीत दुसरेच झाले. गॅदरिंगला तुम्ही शेवटच्या रांगेत एकटे बसला होतात. फिशपाँडमध्ये माझ्यावर काहीच आलं नाही. मी ठरवलं होतं की निकाल लागला की प्राचार्यांकडे जायचं आणि सगळं सांगायचं. निकाल जूनमध्ये होता. तुम्ही मे महिन्यात गेलात, दुपारी, झोपेत. मला नरडाण्याला मैत्रिणीचं आंतरदेशीय पत्र आलं. तिला वाटलं होतं मी फार रडेन. मी रडले नाही. मला मनात कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलेलं मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

फॉर्म एकदा गेल्यावर त्या वर्षी कार्डं निघाली नाहीत, आणि नऊच्या नऊ जणी पास झाल्या. माझी मैत्रीण शाळेत भूगोल शिकवते. हे तुम्हाला कळायला हवं होतं. आणि हेही, की पुढच्या वर्षीच्या वर्गातल्या चार जणी दिवाळीनंतर आल्या नाहीत. त्यांच्यासाठी खोटं बोलणारं कोणी नव्हतं आणि खरं मांडणारंही कोणी नव्हतं. मंडळाने त्या वर्षी ऑर्केस्ट्रा नाशिकहून आणला.

आता मी शिरपूरला एका कॉलेजात शिकवते. नेमणूक हंगामी आहे, दरवर्षी जूनमध्ये ऑर्डर नवी होते, कधी होतही नाही. आता परीक्षेच्या फॉर्मना पुण्याला जावं लागत नाही, विद्यापीठ जळगावलाच आलंय. बाकी पुष्कळसं तसंच आहे. पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट तशीच, कार्डं तशीच, उघडी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणारी पहिली बस रोज अर्धा तास उशिरा येते. यंदा विद्यार्थी मंडळ माझ्याकडे दिलं आहे आणि पहिला तासही माझाच आहे. जुलैत एक दिवस हजेरी घेताना मला एकच आवाज दोनदा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी पेन सरकवत पुढे गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. असे दोन महिने गेले, सर.

गेल्या आठवड्यात मंडळाची मुलींची प्रतिनिधी अर्ज घेऊन आली. सडपातळ, सरळ बघून बोलणारी मुलगी. अर्ज बसचाच. मी वाचला, सहीसाठी पेन काढलं, तर ती म्हणाली, ‘मॅडम, सही करू नका अजून. कॅटलॉगमध्ये तर सात जणी हजर आहेत. अर्ज खरा कोण धरील?’ एकवीस वर्षांची मुलगी. मला जे प्राचार्यांच्या खोलीत कळलं ते तिला घरी बसून कळलं होतं. मी तिला विचारलं, मग काय करायचं म्हणतेस? ती म्हणाली, खरं लावू या, पण कार्डं गेली तर पोरी घरी बसतील. मी पेनाला टोपण लावलं. मग मी म्हणाले, कार्डं जायच्या आधी आपण जाऊ.

रविवारी त्याच बसने आम्ही गेलो. सहा गावं, सात घरं. ओसरीवर, खळ्यात, एका ठिकाणी विहिरीच्या काठावर बसून मी सांगितलं की तुमच्या मुलीला आजवर खोटं हजर लावलं गेलं, मला ते माहीत होतं, उद्यापासून खरं लिहिणार आहे. कार्ड येईल, त्यात गैरहजर लिहिलेलं असेल, त्याचा अर्थ एवढाच की बस उशिरा येते. मी त्यांना जळगावचंही सांगितलं. एका सरांनी माझी चूक अंगावर घेतली आणि मी गप्प राहिले, हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते अशा अनोळखी ओसरीवर. एका घरात बाईने मुलीला आत पाठवून दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाली की आम्ही तिला बंदच करणार होतो. ती मुलगी सोमवारी आली नाही. एका म्हाताऱ्या वडिलांनी मात्र सगळं ऐकून बिडी विझवली आणि म्हणाले, ‘कार्ड येऊ द्या बाई. मी सांगसू गावले, बस लेट शे, पोर नही.’ उरलेल्या पाच घरांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांचं मला माहीत नाही.

सोमवारी मी सातही जणींपुढे गैरहजर लिहिलं. त्यांतल्या सहा जणी अर्ध्या तासाने आत आल्या, बसल्या, वह्या उघडल्या. एकीने माझ्याकडे पाहिलं ते मला विसरता येत नाही. तास सुटल्यावर अर्जाखाली प्रतिनिधीची सही झाली, तिच्याखाली माझी. आणि माझ्या सहीच्या वर मी चार ओळी माझ्या अक्षरात लिहिल्या. या वर्गाची जुलै आणि ऑगस्टची पहिल्या तासाची हजेरी खरी नाही, ते मला माहीत होतं, जबाबदारी माझी आहे, विद्यार्थिनींची नाही. घरी आबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना हंगामी म्हणजे काय ते नीट कळत नाही, त्यांनी सगळ्यांना मी प्रोफेसर आहे असं सांगून ठेवलं आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते माझ्या कपाटातच राहील. तो अर्ज मात्र मी काल दुपारी ऑफिसात स्वतः नेऊन दिला. जिन्यात दोनदा थांबले होते. कारकुनाने चार ओळी वाचल्या, मग खाली बघूनच मला विचारलं, मॅडम, हे असंच घ्यायचं का? मी हो म्हणाले. त्याने शिक्का मारला.